लोकमान्य : माणूस आणि धोरण

एक ऑगस्टला शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून ज्याने कधीच भाषण केले नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात शोधूनही सापडायचा नाही. त्या भाषणात शेंगांची टरफले हटकून असतात. वर्गात टरफले कोणी टाकली, मास्तरांनी शिक्षा कोणाला केली आणि एका मुलाने ती घ्यायचे कसे नाकारले, ही गोष्ट आपण सर्वांनी पाठ केली, टाळ्या घेतल्या आणि खाली येऊन बसलो. ती खरोखर घडली की नाही या वादात मी शिरत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात येते. त्या भाषणात स्वभाव असतो, धोरण नसते. टरफलांनंतर आपण एकदम मंडालेला जातो, तेथून चौपाटीवर. मधली तीस-पस्तीस वर्षे कुठे जातात?

मला हा प्रश्न पडण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या घरी आजोबांच्या खोलीत लोकमान्यांची तसबीर आहे. तिला रोज हार घालण्याचे काम लहानपणी माझ्याकडे होते. वसतिगृहात माझ्या खोलीत जी मैत्रीण राहते तिच्या घरी शाहू महाराजांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. गेल्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमाला ती आली नाही. मी कारण विचारले, तिने सांगितले, आणि त्यानंतर तीन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. चौथ्या दिवशी ग्रंथालयातून लोकमान्यांची चरित्रे घरी नेली ती मी, तिने नव्हे. कारण तिने जे सांगितले होते त्यातले निम्मे मला माहीतच नव्हते. हा लेख त्या वाचनातून झाला आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म रत्नागिरीस २३ जुलै १८५६ रोजी झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक, गणित व संस्कृत या विषयांत निष्णात. घराणे चिखलगावच्या खोतांपैकी. गंगाधरपंतांची बदली झाली म्हणून मुलगा दहाव्या वर्षी पुण्यास आला आणि पुण्याचाच झाला. आई लवकर गेली. वडील सोळाव्या वर्षी गेले. त्याआधीच, म्हणजे पंधराव्या वर्षी, लग्न झालेले होते. डेक्कन कॉलेजात पहिल्या वर्षी या किरकोळ शरीराच्या मुलाने अभ्यास बाजूला ठेवून वर्षभर तालीम केली आणि प्रकृती कमावली. पुढच्या तुरुंगवासांत ती पुंजी उपयोगी पडली. १८७६ साली बी. ए. आणि १८७९ साली एल्‌एल्. बी. झाल्यावर सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी जाणूनबुजून सोडला.

डेक्कन कॉलेजातच गोपाळ गणेश आगरकर भेटले. दोघे एकाच वर्षी, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेले; दोघेही निर्धन राहण्याचा निश्चय केलेले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे म्हणून ‘केसरी’ने दिवाण बर्वे यांच्यावर लिहिले, ज्या पत्रांच्या आधारे लिहिले ती बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. कोल्हापूरच्या गादीसाठी भोगलेला तो पहिला तुरुंगवास! पुढे त्याच गादीशी त्यांचा जो संघर्ष झाला तो वाचताना ही डोंगरीची कोठडी विसरता येत नाही.

तुरुंगात दोन मित्र रात्र-रात्र वाद घालीत. आधी समाज सुधारावा की आधी स्वातंत्र्य मिळवावे? बाहेर आल्यावरही वाद मिटला नाही. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. तिचे कारण वेगळे होते. आजीव सभासदांनी बाहेरून एक पैही मिळवू नये, हा त्यांचा आग्रह इतरांना झेपला नाही. त्यागाचा नियम त्यांनी दुसऱ्यांना लावण्यापूर्वी स्वतःला लावलेला होता, हे विरोधकांनीही कधी नाकारले नाही.

आता १८९१ कडे येऊ. येथे मला थोडे रेंगाळायचे आहे.

कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजोरीने मेली होती. संमतिवयाची मर्यादा दहाची बारा वर्षे करणारे विधेयक सरकारने आणले आणि १८९१ च्या मार्चमध्ये ते संमत झाले. बारा वर्षे! आपल्या धाकट्या बहिणी सहावी-सातवीत असतात ते वय. टिळकांनी या विधेयकाविरुद्ध सारी शक्ती एकवटली. भांडारकरांसारख्या पंडिताने शास्त्राधार दाखवला, तर टिळकांनी त्याचे शास्त्रानेच खंडन केले. पुण्यात सुधारकांची सभा उधळली गेली. त्यांचे म्हणणे असे की, परक्या सरकारला आमच्या धर्मात हात घालू देता कामा नये. सुधारणा समाजाने आपण होऊन करावी.

हा नुसता बहाणा होता असे म्हणता येत नाही. कारण १८९० सालीच त्यांनी एक योजना पुढे केली होती. मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये, मुलाचे विसाच्या आत करू नये, चाळिशीनंतर लग्न करायचे तर विधवेशीच करावे, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन करू नये आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला द्यावा. ज्यांना हे मान्य असेल त्यांनी सह्या कराव्यात व बंधन फक्त सही करणाऱ्यांवर असावे. सरकारच्या बारा वर्षांपुढे त्यांची सोळा वर्षे होती. सुधारक म्हणविणाऱ्यांपैकी पुष्कळजण त्या सहीला बिचकले, यात टिळकांच्या हुशारीचा भाग होताच. परंतु मैत्रिणीने मला विचारले, फुलमणीने कोणाची सही मागायची होती? ज्या घरात सही झाली नाही त्या घरातल्या मुलीचे काय? मी पुस्तकांतून उत्तर शोधले. मिळाले नाही.

याच सुमाराचे पंचहौद मिशनचे चहाप्रकरण गंमतीचे वाटते, पण त्यात माणूस दिसतो. १८९० साली मिशनमध्ये टिळक व रानडे यांच्यासकट बरीच मंडळी जमली, पुढे चहा-बिस्किटे आली, आणि गोपाळराव जोशींनी नावे छापून टाकली. गावात गहजब झाला. टिळकांना स्वतःला त्या चहात पाप वाटत होते असे मुळीच नाही. तरी त्यांनी प्रायश्चित्ताची वाट धरली. ज्या समाजाला बरोबर घेऊन जायचे त्याच्यापासून एक पाऊलही तुटू नये, हा त्यांचा हिशेब. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू नये म्हणून जे रण माजले तेथेही हाच हिशेब होता. रानड्यांनी वाद वाढू न देता परिषद दुसरीकडे भरविली.

त्याच वर्षी जूनमध्ये आगरकर गेले. वय अवघे अडतीस. टिळकांनी मृत्युलेख लिहिला तेव्हा त्यांचे अश्रू आवरत नव्हते असे सांगतात. मला हे खरे वाटते. ज्याची मते सात वर्षे दर आठवड्याला झोडपली त्या माणसासाठी रडणे हे टिळकांच्या स्वभावात बसते.

१८९३ च्या दंग्यांनंतर गणेशोत्सव सार्वजनिक झाला, १८९५ पासून रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ व शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला. सभेला न येणारा माणूस उत्सवाला येतो हे त्यांनी हेरले. विरोधक त्यांना तेल्यातांबोळ्यांचे पुढारी म्हणून हिणवू लागले, ते याच काळात. मोहरमच्या ताबुतांपुढे नाचणारे हिंदू मात्र याच उत्सवांमुळे त्यातून दूर गेले, आणि दोन्ही समाजांतले अंतर वाढले, हेही नोंदवलेच पाहिजे. १८९६ च्या दुष्काळात ‘केसरी’ने खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांस सांगितले की दुष्काळाचा कायदा वाचा, पीक बुडाले असेल तर सारा भरण्यासाठी भांडी विकू नका. एवढ्या धिटाईने शेतकऱ्याच्या बाजूने तोवर कोण बोलले होते? पण पुढे १८९९ मध्ये खोतांचे अधिकार आवळणारे विधेयक आले तेव्हा त्याच ‘केसरी’चे वजन कुळांच्या पारड्यात पडले नाही. खोतांच्या पडले.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. ऐपत असलेले पुढारी गाव सोडून गेले, टिळक राहिले. रुग्णालय काढले, वस्त्यांतून फिरले, रँडच्या झडत्यांचा जुलूम ‘केसरी’त मांडला. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पाठोपाठ टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. ‘ओरायन’ ग्रंथ वाचलेल्या मॅक्समुल्लरसारख्या पंडितांनी रदबदली केल्यावर वर्षभराने सुटका झाली. प्लेगने त्यांचा पिच्छा सोडला नाही. १९०३ साली थोरला मुलगा विश्वनाथ त्याच रोगाने गेला.

आणि याच खटल्याच्या दिवसांत ताईमहाराज प्रकरणाचे बीज पडले. टरफलांच्या भाषणात ते कधी येत नाही. मित्र बाबामहाराज पंडित मरणोन्मुख असताना, जामिनावर सुटून आलेले टिळक त्यांच्या उशाशी गेले आणि इस्टेटीचे विश्वस्तपद पत्करले. बाबामहाराजांची विधवा ताईमहाराज अगदी लहान वयाची. १९०१ साली औरंगाबादेस विश्वस्तांनी जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक दिला. पण बाईंना तो नको होता. त्यांनी कोल्हापूरकरांच्या पाठिंब्याने दुसरा दत्तक घेतला. टिळक कोर्टात गेले. त्यांच्यावर खोट्या साक्षीचा आरोप आला, शिक्षा झाली, हायकोर्टात ते निर्दोष ठरले, आणि दिवाणी दावा चालत-चालत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचून १९१५ साली त्यांच्या बाजूने लागला. स्वतःचा कवडीचा फायदा नसताना, मेलेल्या मित्राला दिलेल्या शब्दासाठी माणसाने किती सोसावे! आजोबा हे सांगताना गहिवरत. पण त्या कागदपत्रांत एक तरुण बाई आहे आणि तिला काय हवे होते हे कोणालाच महत्त्वाचे वाटलेले दिसत नाही. टिळकांना तर नाहीच, आणि तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनाही कितपत वाटले कोण जाणे. ती १९०३ सालीच वारली. तिचा दावा तिच्या मागे बारा वर्षे चालला.

वेदोक्ताचा वाद याच वर्षांतला. कोल्हापूरचे शाहू छत्रपती पंचगंगेवर स्नानास गेले असता पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणतो, कारण त्याच्या मते छत्रपती शूद्र, हे उघड झाले. महाराजांनी वेदोक्ताचा हक्क मागितला. १९०१ च्या ऑक्टोबरात ‘केसरी’ने अग्रलेख लिहून, वेदोक्ताने मराठ्यांची योग्यता वाढत नाही, हा नवा हट्ट आहे, अशी भूमिका घेतली. शिवाजी महाराजांचा उत्सव गावोगाव नेणारा माणूस शिवाजी महाराजांच्या गादीवरील राजाला मंत्र नाकारणाऱ्या पुरोहिताच्या बाजूला उभा राहिला. माझी मैत्रीण कार्यक्रमाला आली नाही ती एवढ्यासाठी. शाहूंनी पुढच्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढला. मंत्र नाकारले म्हणून तो हुकूम निघाला असे सोपे समीकरण कोणी मांडू नये. परंतु पुढची दोन तपे महाराष्ट्रात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाची जी आग धुमसली तिला ‘केसरी’ने फुंकर घातली, विझवली नाही.

बंगालची फाळणी १९०५ ची. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही चतुःसूत्री घेऊन टिळक आता हिंदुस्थानचे पुढारी झाले. सुरतेस १९०७ च्या डिसेंबरात काँग्रेस मोडली. व्यासपीठावर हाताची घडी घालून टिळक उभे, भोवती खुर्च्या उडताहेत, जोडा फेरोजशहा मेहतांना लागतो आहे, असे ते दृश्य. पुढल्या वर्षी मुझफ्फरपूरच्या बाँबनंतरच्या लेखांसाठी त्यांना पकडले. एकवीस तासांहून अधिक वेळ त्यांनी स्वतः बचावाचे भाषण केले. सात युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, दोघे हिंदी निर्दोष म्हणाले. २२ जुलै १९०८ च्या रात्री न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. मुंबईच्या गिरणीकामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. कोणाही पुढाऱ्यासाठी इतका मोठा संप या देशात त्यापूर्वी झालेला नव्हता.

मंडालेविषयी आपण सारे जाणतो, म्हणून थोडक्यात. बावन्न वर्षांचा, मधुमेहाने पोखरलेला माणूस. लाकडी खोली, उन्हाळ्यात भट्टी. पुस्तके मागवून घेतली, जर्मन-फ्रेंच-पाली शिकले, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. संन्यास नव्हे, लोकसंग्रहासाठी कर्म, हा त्याचा निष्कर्ष. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई गेल्या. बातमी तुरुंगात कळली. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटून आले.

येथपर्यंत वाचून मी मनाशी एक तडजोड केली होती. माणूस मुळातच न वाकणारा. ज्या ताठपणाने मंडाले सोसले त्याच ताठपणाने सुधारणांनाही नकार दिला. एक हवे तर दुसरे पत्करावे लागणार. तडजोड सोयीची होती. मैत्रिणीलाही पटेलसे वाटत होते. पण पुढची सहा वर्षे वाचली आणि ती मोडली.

कारण टिळक वाकत होते! १९१५ साली गोखले वारले तेव्हा आयुष्यभर ज्यांच्याशी भांडले त्यांच्या चितेजवळ उभे राहून त्यांनी त्यांचा गौरव केला. १९१६ मध्ये होमरूल लीग काढली. त्याच डिसेंबरात लखनौस नेमस्तांशी समेट केला आणि मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांना संमती दिली. १८९३ चे टिळक ओळखणाऱ्यांना हा धक्काच होता. स्वतःच्या अनुयायांची नाराजी पत्करून त्यांनी तो करार पार पाडला. चिरोलवरील दाव्यासाठी १९१८ साली समुद्र ओलांडून विलायतेस गेले. तेथे मजूर पक्षाशी स्नेह जोडला. सुधारणा कायदा असमाधानकारक म्हणत असतानाच तो राबवायची तयारीही दाखवली. काळ पाहून, सोबत पाहून, जरूर तेवढे वळण घेणारा हा मुरब्बी राजकारणी होता. मग ताठ स्वभावाची सबब कुठे उरली?

१९१७ साली अथणीच्या सभेत त्यांनी, कष्टकरी जातींच्या माणसांना कायदेमंडळात जाऊन काय करायचे आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. तेल्यातांबोळ्यांचा पुढारी म्हणून ज्याला हिणवले, आणि ज्याने ते भूषण मानले, त्याच्या तोंडचे हे उद्गार! १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईस, सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत त्यांनी देवालाही खडसावणारे जोरदार भाषण केले. टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर, अस्पृश्यता स्वतः पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर सही करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सही केली नाही. १८९० साली इतरांपुढे सहीचा कागद ठेवणारे तेच टिळक. १९२० च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने छापली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे.

हे स्वभावाने घडले असे मला आता म्हणता येत नाही. लखनौस जो माणूस वळू शकतो तो प्रतिज्ञापत्रावर सही करू शकला असता. त्याने हिशेब केला आणि सही केली नाही. तो हिशेब चुकला असे मी मानते. आजोबांच्या तसबिरीला हार घालीत आले तरी मानते. त्यांच्या त्यागाची किंमत त्या हिशेबातून वळती करून घेता येत नाही. उलट एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाची चूक स्वभावावर ढकलणे म्हणजे त्याला अजाण ठरवणे होय, आणि टिळक अजाण खासच नव्हते.

शेवटचा प्रसंग आम्हा मुलींच्या जिव्हाळ्याचा. १९२० च्या प्रारंभी पुण्याच्या नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न होता. पैसा अपुरा, तेव्हा सक्ती आधी मुलांना, मुलींचे पुढे पाहू, असे टिळकांच्या बाजूचे म्हणणे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मुलींच्या हायस्कुलातील इंग्रजी वळणाच्या शिक्षणावर ‘मराठा’ने टीका केली होती, त्याचाच हा नवा अवतार. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या स्त्रिया मुलींच्या हक्कासाठी रस्त्यावर आल्या. किर्लोस्कर थिएटरातील सभेत टिळक बोलायला उभे राहिले आणि त्यांच्याच पुण्यात, त्यांच्याच हयातीत, श्रोत्यांनी त्यांना बोलू दिले नाही. सुरतेस खुर्च्या उडत असताना न हललेला माणूस त्या दिवशी भाषण पुरे न करता खाली बसला.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १ ऑगस्ट १९२० च्या पहाटेपूर्वी, मुंबईस सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले. पुण्याला न्यावे अशी पुष्कळांची इच्छा होती, मुंबई सोडीना. भर पावसात लाखो लोक लोटले. तिरडीला खांदा देणाऱ्यांत गांधी होते, शौकत अली होते. स्मशानात एवढी माणसे मावणार नाहीत म्हणून चौपाटीच्या वाळूत चंदनाची चिता रचली आणि देह पद्मासनात बसवून अग्नी दिला.

हा मजकूर मासिकाच्या समितीकडे देण्यापूर्वी मी मैत्रिणीला वाचून दाखवला. वेदोक्ताचा भाग तिच्या मते मी अजूनही मऊ लिहिला आहे. गिरणीकामगारांचा संप तिला ठाऊक नव्हता. तेवढे पान तिने पुन्हा वाचायला मागून घेतले.